फरियाद आणि फिर्याद

आठवीच्या वर्गावर उर्दूचा धडा चालू होता. धड्यात ‘फरियाद’ हा शब्द आला. आम्ही नेहमीप्रमाणे अर्थ सांगितला: संकटात सापडलेल्या माणसाने मदतीसाठी मारलेली हाक. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, फिर्याद तो थाने में देते ना?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण मुलाचे काही चुकले नव्हते. फारसीतला शब्द एकच आहे. उर्दूत त्याचा पहिला अर्थ आर्त हाक असा, दाद मागणे हा त्याच्या मागून येणारा. मराठीत येता येता त्यातली हाक गळून गेली आणि ठाण्यात नोंदवायचा, कोर्टात चालवायचा कागद तेवढा उरला. वकील, दावा, जामीन, कैफियत, हरकत, मुद्देमाल, हुकूमनामा, नाझर ही सारी मंडळी त्याच वाटेने मराठीत आलेली आहेत. माजलगावला कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेला, उर्दूचे एक अक्षरही न वाचता येणारा माणूस दिवसभरात अरबी-फारसीचे कितीतरी शब्द बोलून जातो आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत चित्रपटांवर ज्या गप्पा होतात त्यांत अलीकडे दोनच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. एक, निसर्गाच्या तडाख्यात किंवा बंद जागेत अडकलेला माणूस जिवाच्या आकांताने कसा तगून राहतो त्याचे चित्रपट. दुसरा, कोर्टातल्या खटल्याचे. वरवर पाहता या दोहोंचा काही संबंध नाही. पहिल्यात बोलणे जवळजवळ नसतेच. दुसऱ्यात बोलण्यावाचून दुसरे काही नसते. परंतु त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्हांला वाटू लागले की, हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला फरियादीचा चित्रपट, दुसरा फिर्यादीचा. आणि दोहोंचा कस एकाच ठिकाणी लागतो. हाक कुणी मारली हे तर सगळेच चित्रपट दाखवतात. ती ऐकली कुणी, आणि ऐकली नसेल तर का ऐकली नाही, हे जो दाखवतो तो चित्रपट खरा. आम्ही काही चित्रपटाचे जाणकार नव्हे. पुढे जे लिहिले आहे ती एका प्रेक्षकाची मते आहेत. वाचकांनी ती तेवढ्याच वजनाने घ्यावीत.

निर्जन जागी एकटा पडलेला माणूस ही कल्पना मूळ युरोपची असे आपण समजतो, कारण शाळेत आपल्याला रॉबिन्सन क्रूसो भेटलेला असतो. ती कादंबरी १७१९ सालची. परंतु तिच्या साडेपाचशे वर्षे आधी अंदलुसचा हकीम आणि तत्त्वज्ञ इब्न तुफैल याने ‘हय्य इब्न यक्जान’ ही अरबी कथा लिहिली होती. त्यात एका बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेला मुलगा आहे. हरिणी मरते तेव्हा तिच्यातून काय निघून गेले, हे शोधता शोधता तो निसर्ग ओळखतो आणि शेवटी निर्मात्यापर्यंत पोचतो. या कथेचे लॅटिन भाषांतर १६७१ मध्ये आणि अरबीवरून केलेले इंग्रजी भाषांतर १७०८ मध्ये छापले गेले. क्रूसोच्या लेखकाच्या वाचनात ते आले असावे असे काही अभ्यासक मानतात. आमचा मुद्दा मात्र श्रेय कुणाचे हा नाही. इब्न तुफैलचा माणूस एकटा आहे, पण तो हाक मारत नाही. त्याला माणसे ठाऊकच नाहीत. त्याचे एकटेपण विचार करण्यासाठी आहे. क्रूसोचे एकटेपण जमीन ताब्यात घेण्यासाठी आहे. आजच्या चित्रपटातल्या माणसाचे एकटेपण या दोहोंहून निराळे आहे. त्याला माणसे हवी आहेत आणि ती येत नाहीत.

टॉम हँक्सचा ‘कास्ट अवे’ (२०००) आणि डॅनी बॉइलचा ‘१२७ अवर्स’ (२०१०) हे या प्रकारातले गाजलेले चित्रपट. पहिल्यात विमान कोसळून माणूस बेटावर चार वर्षे काढतो आणि एका व्हॉलीबॉलला चेहरा काढून त्याच्याशी बोलतो. दुसऱ्यात अमेरिकेतल्या एका घळीत दगडाखाली हात अडकलेला गिर्यारोहक पाच दिवसांनंतर स्वतःचाच हात कापून सुटतो. ही खरी घटना २००३ सालची आहे, आणि चित्रपटाचे संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचे आहे. दोन्ही चित्रपट बांधेसूद आहेत. तरीही ते पाहताना आमच्यासारख्या बीड जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात एक तिरपा विचार येतोच. तो गिर्यारोहक कुणालाही न सांगता हौसेने गेला होता. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या बायकापोरांसह ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पाचटाच्या कोपीत, थंडीत, पहाटे तीनला उठून, मोळ्या डोक्यावर वाहत सहा महिने तगून राहतात आणि परत येतात. त्यांत आमच्या वर्गातल्या मुलांचे आईबापही असतात. या तगण्याला कुणी साहस म्हणत नाही. साहस म्हणण्यासाठी बहुधा आधी सुरक्षित घर असावे लागते.

म्हणून आम्हांला विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ (२०१७) अधिक जवळचा वाटला. यात बेट नाही, घळ नाही. मुंबईत प्रभादेवीच्या एका उंच, रिकाम्या इमारतीत भाड्याच्या खोलीत एक तरुण कोंडला जातो. वीज नाही, पाणी नाही. खाली रस्ता दिसतो, माणसे दिसतात, वॉचमन आहे. पण वरून मारलेली हाक खाली पोचत नाही. राजकुमार रावचा हा तरुण शाकाहारी असतो आणि भुकेपोटी कबुतर मारून खातो. प्रेक्षक त्या प्रसंगाने हादरतात. आम्हांला मात्र लक्षात राहिली ती खालची गर्दी. कोट्यवधींच्या शहरात माणूस ऐकू न येण्याइतका उंच जाऊन राहू शकतो, हे या चित्रपटाने विनासंवाद सांगितले. त्याचा उत्तरार्ध थोडा लांबतो, युक्त्यांची यादी होते. पण विषय तो सोडत नाही.

याउलट ‘मंजुम्मेल बॉइज’ (२०२४) या मल्याळम चित्रपटात हाक ऐकणारे आहेत, आणि त्यामुळेच तो श्रेष्ठ ठरतो. २००६ साली कोचीजवळच्या मंजुम्मेलचे काही मित्र कोडाईकॅनालला फिरायला गेले आणि त्यांच्यातला एक गुना गुहेतल्या खोल खड्ड्यात पडला. आजवर त्या खड्ड्यातून कुणी जिवंत आले नाही, असे तिथले लोक सांगतात. मित्र पोलिसांकडे धावतात, तर पोलीस त्यांनाच झोडपतात. तुम्हीच ढकलला असेल, हा पहिला संशय. पाऊस सुरू होतो, तेव्हा खड्ड्यात पाणी जाऊ नये म्हणून हे मित्र जमिनीवर आडवे पडून स्वतःच्या अंगाचा बांध करतात. शेवटी सरकारी माणसे कचरतात आणि दोर बांधून मित्रांपैकीच एक खाली उतरतो. ज्याच्यावरून हे पात्र घेतले त्या तरुणाला पुढे जीवनरक्षा पदक मिळाले. या चित्रपटात आम्हांला मोलाची वाटली ती पोलीस ठाण्यातली दोन-चार मिनिटे. हाक मारत आलेल्या माणसाला आधी आरोपी व्हावे लागते. फरियाद घेऊन गेला आणि फिर्यादीत अडकला! दिग्दर्शक चिदंबरम यांनी यावर भाषण केलेले नाही. मार खाल्लेले ते मित्र तसेच परत खड्ड्याकडे धावतात, एवढेच दाखवले आहे.

याच वर्षीचा ‘आडुजीवितम’, म्हणजे ‘द गोट लाइफ’, याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. बेन्यामिन यांच्या २००८ च्या मल्याळम कादंबरीवर ब्लेसी यांनी हा चित्रपट केला. नजीब नावाचा केरळचा एक गरीब मुसलमान पोटासाठी सौदीला जातो. विमानतळावर कुणीतरी अरब त्याला आपल्या गाडीत घालून वाळवंटात नेतो आणि शेळ्यामेंढ्यांच्या कळपावर जुंपतो. नजीबला अरबी येत नाही. अरबीत नमाज पढणारा माणूस अरबीत ‘मला घरी जाऊ द्या’ एवढे वाक्य बोलू शकत नाही, ही त्यातली खरी शोकांतिका. आम्ही मुलांना कुरआनमधले शब्द ओळखायला शिकवतो, त्यामुळे हे दृश्य आम्हांला फार लागले. ज्या भाषेत तो अल्लाहला हाक मारतो, त्याच भाषेत त्याचा मालक त्याला शिव्या देतो. आणि मालकाला तिथे म्हणतात ‘कफील’. या शब्दाचा अर्थ हमी घेणारा, जामीन राहणारा. जामीनच कैद करतो, असा हा उलटा न्याय.

पृथ्वीराज यांनी या भूमिकेसाठी शरीर अक्षरशः झिजवले. त्याची एवढी चर्चा झाली की, नजीबपेक्षा नटाच्या बरगड्याच लोकांच्या लक्षात राहिल्या. तगून राहण्याच्या चित्रपटांचा हा जुना दोष आहे. हालांचे प्रदर्शन होते आणि हाल करणारी व्यवस्था पडद्याच्या कडेला जाते. वाळवंट इतके सुंदर टिपले आहे की, कधी कधी दुःखालाही सौंदर्य चढते. परंतु शेवट या सर्वांवर मात करतो. पळून आलेला नजीब तुरुंगात आहे. कफील येतात आणि ओळीत उभ्या केलेल्या कैद्यांतून आपापला माणूस ओळखून ओढून नेतात. नजीबचा मालकही येतो. तो त्याला पाहतो आणि सोडून देतो, कारण नजीब त्याच्या व्हिसावर आलेलाच नव्हता. म्हणजे इतकी वर्षे ज्याने त्याला राबवले त्याचा त्याच्यावर कागदोपत्रीही हक्क नव्हता. कागद नसल्यामुळे तो सुटतो. पण कागद नसल्यामुळेच झालेल्या अन्यायाची दाद मागायला त्याला जागा नाही. वाळवंटातून वाचलेला माणूस न्यायाच्या दारात येतो आणि तिथे चित्रपट संपतो. आमच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर हा चित्रपट पाहून विचारले होते, “सर, उने पहलेच दिन कायकू नहीं भागा?” आम्ही त्याला विचारले, पासपोर्ट दुसऱ्याच्या खिशात असताना पळून जायचे कुठे? तो गप्प झाला. त्याचे वडील तेव्हा हंगामावर होते, उचल फिटेपर्यंत.

आता त्या दाराच्या आत जाऊ. हिंदी चित्रपटात कोर्ट फार पूर्वीपासून आहे. सोहराब मोदींचा १९३९ चा चित्रपट तर नावानेच ‘पुकार’ होता. नूरजहाँच्या बाणाने एक धोबी मरतो, धोबीण न्याय मागते आणि जहांगीरपुढे बेगम की कायदा असा पेच उभा राहतो. जहांगीरने आग्र्याच्या किल्ल्यातून यमुनेच्या काठापर्यंत साठ घंटांची सोन्याची साखळी बांधली होती, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कुणीही ती ओढावी आणि बादशहाने ऐकावे. ती प्रत्यक्षात किती जणांनी ओढली हा भाग वेगळा. पण न्याय म्हणजे ऐकू येण्याची सोय, ही कल्पना मोठी आहे.

पुढच्या चित्रपटांनी मात्र ऐकण्यापेक्षा बोलण्याला डोक्यावर घेतले. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०) एकही गाणे न घालता फाशीच्या शिक्षेचा प्रश्न धरून राहिला, हे त्याचे धाडस. परंतु कोर्ट म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत उलटणारा डाव, हे प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले ते अशाच चित्रपटांनी. ‘दामिनी’मध्ये (१९९३) सनी देओलच्या वकिलाने तारखांवर जो राग काढला तो आजही लोक बोलून दाखवतात. त्या रागात खोटे काही नाही. खोटे आहे ते एवढेच की, राग काढल्यावर निकाल लागतो!

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या मामूंची जमीन धरणाच्या पाण्यात गेली. वाढीव मावेजाची केस वर्षानुवर्षे चालली. कोणत्या कोर्टात, ते सांगण्याचे कारण नाही. मामू कानाने अधू. तारखेच्या दिवशी सकाळी दहाला जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. एकदा दुपारी पट्टेवाल्याने त्यांच्या नावाचा पुकारा केला, तीनदा केला म्हणतात. मामू बाकावरच होते. त्यांना ऐकू गेले नाही. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात होते. गैरहजर म्हणून प्रकरण काढून टाकले गेले. पुन्हा अर्ज करून ते बोर्डावर आणायला दीड वर्ष लागले. मामू एवढेच म्हणत, “हम वहींच थे ना रे.” त्यानंतर टीव्हीवर कोर्टाचा चित्रपट लागला की ते उठून जात. त्यात कुणाला कमी ऐकू येत नाही, असे एकदा म्हणाले. चित्रपटावरचे एवढे नेमके परीक्षण आम्ही अद्याप वाचलेले नाही.

मराठीने मात्र या बाबतीत हिंदीपेक्षा खरे काम केले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चे. त्यावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. खेळ म्हणून मांडलेले अभिरूप न्यायालय बघता बघता एका शिक्षिकेचा जीव घेऊ पाहते. लीला बेणारे शाळेत शिकवते, मुले तिच्यावर प्रेम करतात, आणि तरीही तिच्याविषयी सगळे बोलतात, ती मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात. तिचे ते प्रसिद्ध स्वगत सुरू होते तेव्हा बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. म्हणजे ती जे बोलते ते रंगमंचावरच्या कुणालाच ऐकू जात नाही. फक्त आपण, प्रेक्षक, ऐकतो. शिक्षकी पेशातल्या माणसाने हे नाटक एकदा तरी वाचावे. गावात शिक्षकाविषयी कुजबूज सुरू होते तेव्हा कोर्ट कुठेही भरते, शिक्षकांच्या खोलीतही.

त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने आला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले आणि ऑस्करसाठी भारताकडून तो गेला. नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिरावर आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक; २०२१ मध्ये करोनाने ते गेले. चित्रपटात कुणी ओरडत नाही. सरकारी वकील बाई कलमे एका सुरात वाचतात, संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण त्या दिवशी ऐकायचे नाकारतात. मृत कामगाराची बायको साक्षीला येते आणि सांगते की, नवरा गटारात उतरण्याआधी दारू पीत असे, आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. म्हणजे हवा जगण्याइतकी आहे की नाही याची परीक्षा झुरळावरून! वाचकांनी लक्षात घ्यावे, हा तगून राहण्याचाच चित्रपट आहे. गटारात उतरणारा तो माणूस कोणत्याही गिर्यारोहकाहून अधिक धोका रोज पत्करत होता. पण त्याचा चित्रपट झाला नाही, त्याचा पंचनामा झाला. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही क्षण अंधारा राहतो. न्यायाधीश सहलीला जातात. शाहीर पुन्हा अटकेत आहेत. मामूंना हा चित्रपट दाखवला असता तर ते उठून गेले नसते, असे आम्हांला वाटते.

मुसलमानांच्या संदर्भातले दोन चित्रपट याच कसोटीवर पाहण्यासारखे आहेत. अनुभव सिन्हांच्या ‘मुल्क’मध्ये (२०१८) बनारसचे वकील मुराद अली मोहम्मद यांच्या घरातला एक तरुण अतिरेकी निघतो आणि सारे कुटुंब आरोपी ठरते. ऋषी कपूर यांनी वृद्ध वकिलाचे दुखावलेपण फार संयमाने दाखवले आहे. हेतू चांगला, बराच भाग प्रभावी. तरीही एक खटकते. घरात आयुष्यभर वकिली केलेला माणूस असताना त्या घराची बाजू कोर्टात शेवटी हिंदू सूनबाईच मांडतात. मुसलमानाची फिर्याद ऐकली जावी यासाठी ती दुसऱ्याच्या तोंडून यावी लागते, हे कदाचित वास्तव असेल; पण चित्रपटाने त्याची खंत करायला हवी होती, अभिमान नव्हे. आणि शेवटचा निकाल पुन्हा एका भाषणातून येतो.

हंसल मेहतांचा ‘शाहिद’ (२०१३ मध्ये प्रदर्शित) भाषणावर विसंबत नाही. वकील शाहिद आजमी किशोरवयात टाडाखाली तुरुंगात गेले, तिथे शिकले, बाहेर येऊन वकील झाले आणि दहशतवादाच्या आरोपात अडकलेल्या गरिबांचे खटले चालवू लागले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्याच कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. चित्रपटातली कोर्टे लहान, कोंदट, फायलींनी भरलेली आहेत; वकील एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, न्यायाधीश वैतागतात. त्या कलकलाटात एक माणूस साक्षीदाराला साधे साधे प्रश्न विचारत राहतो. पुरावा म्हणजे काय, हे आमच्या नववी-दहावीच्या मुलांना समजावून सांगायचे असेल तर या चित्रपटाइतके चांगले साधन नाही.

आणि एक लहानसा चित्रपट, ‘हीमोलिम्फ’ (२०२२), सुदर्शन गामरे यांचा. तो फारसा कुणी पाहिला नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबईतले एक शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांना अटक झाली. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्यासोबतच्या ज्या बारा जणांना तेव्हा शिक्षा झाली होती, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. तोवर एकाचा तुरुंगात मृत्यू झाला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. चित्रपट म्हणून ‘हीमोलिम्फ’ सफाईदार नाही, काही प्रसंग घाईत उरकले आहेत. परंतु आम्ही ज्या दोन प्रकारांविषयी लिहीत आहोत ते इथे एक झाले आहेत. कोठडी हेच बेट, आणि कोर्ट हाच त्या बेटावरून दिसणारा एकमेव किनारा. खडूने हात माखलेल्या माणसाची ती कथा आम्ही शिक्षकांनी तरी पाहायला हवी होती. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ती दोघांनी पाहिली होती. मृतांच्या घरच्यांची फरियाद तर अजून हवेतच आहे: एकशे ऐंशीवर माणसे मेली, मग केले कुणी? निर्दोष सुटलेला आणि मृताची आई, दोघेही एकाच दारावर उभे आहेत.

इथपर्यंत आम्ही इतरांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. आता थोडे स्वतःच्या. शाहबानो प्रकरणावर बेतलेला, सुपर्ण वर्मा यांचा ‘हक’ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. इंदूरच्या या बाईंनी १९७८ साली वकील असलेल्या नवऱ्याविरुद्ध पोटगी मागितली. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे ठरवले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यावर जे काहूर माजले आणि १९८६ चा कायदा आला, ते सर्वांस ठाऊक आहे. चित्रपट निघाला की आमच्यातले काहीजण विचारतात, हा आताच का काढला? प्रश्न अगदीच गैर नाही. कोण, केव्हा, कुणाच्या सोयीने बोलतो हे पाहावेच. पण त्याआधीचा प्रश्न आपण टाळतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा ती हाक आपल्यापैकी किती जणांनी ऐकली? वेळेवर आपण ऐकली असती तर ती दुसऱ्याने आपल्या सोयीने ऐकवण्याची वेळ आली नसती. न्याय हवा म्हणणाऱ्या समाजाने स्वतःच्या घरात न्यायाधीश होताना कानांत बोळे घालू नयेत.

सारांश, तगून राहण्याचा थरार आणि खटल्याचा थरार हे करमणुकीचे दोन डबे आपण वेगळे ठेवले आहेत. आयुष्यात ते वेगळे नसतात. जो वाचतो त्याला वाचल्याचा पुरावा द्यावा लागतो. जो पुरावा द्यायला जातो त्याला तिथे तगून राहावे लागते. २०१९ मध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली, खाडा झाला तर दंड भरावा लागतो, म्हणून अवयवच काढून टाकायचा. हे ‘१२७ अवर्स’पेक्षा काय कमी भयंकर आहे? त्या स्त्रियांत आमच्याही बहिणी आहेत. त्यांची कथा मराठीत आमच्याच लेखणीने यायला हवी. मल्याळम भाषेत एका बेन्यामिनने एका नजीबला ऐकले, तेव्हा कादंबरी झाली आणि मग चित्रपट. मराठीत लिहिणारे आपण मुसलमान लेखक अजून आपल्या नजीबांना, आपल्या मामूंना ऐकतो आहोत की नुसते मागच्या पिढीच्या वेदनांचे शब्द उगाळतो आहोत, याचा विचार या अंकाच्या निमित्ताने व्हावा.

त्या आठवीच्या मुलाला आम्ही नंतर वहीत दोन्ही अर्थ लिहून घ्यायला सांगितले. त्याने विचारले, “सर, इम्तिहान में कौनसा लिखना?” आम्ही म्हणालो, दोन्ही लिही. एक लिहिलेस तर निम्मेच गुण मिळतील.